उघड्या मुठीला परवाना कोणी द्यायचा?

29 एप्रिल 2023 च्या रात्री कोलोरॅडोतल्या ब्रूमफील्डमध्ये ल्यूक रॉकहोल्ड दुसऱ्या फेरीतच थांबला. माइक पेरीच्या ठोशांनी त्याचे दात तुटले होते. यूएफसी ही एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सची स्पर्धा. तिचा हा माजी मिडलवेट विजेता बीकेएफसी, म्हणजे ग्लोव्हजशिवाय ठोशांनी लढायच्या बेअर नकल फायटिंग चॅम्पियनशिपमध्ये पहिल्यांदाच उतरला होता. तुटक्या दातांचे फोटो जगभर फिरले आणि वाद पेटला. एक पक्ष म्हणाला, हा रानटीपणा आहे, बंद करा. दुसरा म्हणाला, उलट ग्लोव्हजच मेंदूचे वैरी आहेत, उघडी मूठ जास्त सुरक्षित. एमएमएतला नावाजलेला लढवय्या या खेळाकडे वळला की दर वेळी हीच दोन वाक्यं नव्याने म्हटली जातात. दोन्ही पक्ष मुठीवर काय आहे आणि काय नाही एवढंच बघतात. मूठ ज्याच्यावर पडणार, तो माणूस रिंगमध्ये येण्याआधी किती मार खाऊन आला आहे, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं: या खेळावर बंदी घालायचं कारण नाही, पण एमएमएतून येणाऱ्या जुन्या लढवय्याला आज जितक्या सहज परवाना मिळतो तितक्या सहज तो मिळता कामा नये. वाद व्हायला हवा तो परवान्यावर.

रॉकहोल्डचंच बघा. 2016 मध्ये मायकल बिस्पिंगने, 2018 मध्ये योएल रोमेरोने आणि 2019 मध्ये यान ब्लाखोविचने त्याला नॉकआउट केलं होतं. ऑगस्ट 2022 मध्ये तो निवृत्त झाला आणि आठ महिन्यांत उघड्या मुठींसमोर उभा राहिला, वयाच्या 38 व्या वर्षी. त्याच कार्यक्रमात चॅड मेंडेस होता. त्याच्या खात्यावर एमएमएतले चार नॉकआउट किंवा टीकेओ (पंचाने लढत मध्येच थांबवलेले) पराभव होते: आल्डो, मॅकग्रेगर, एडगर, वोल्कानोव्स्की. त्याच्यासमोर होता एडी अल्वारेझ, त्यालाही मॅकग्रेगर आणि पोरिए यांनी मुद्दाम लक्षात राहावं अशा रीतीने थांबवलेलं. दात दुसऱ्या दिवशी दंतवैद्याने बघितले असतील. या तीन मेंदूंचा एकत्रित हिशेब मांडणारं कोण होतं?

बंदी मागणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करू. या खेळात माणूस मेला आहे. 20 ऑगस्ट 2021 ला मिसिसिपीतल्या बिलॉक्सीमध्ये जस्टिन थॉर्नटन हा हेवीवेट 19 सेकंदांत नॉकआउट झाला, तोंडावर पडला, मणक्याला इजा झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो गेला. उघड्या मुठीचा समर्थक ही घटना 'अपघात' म्हणून बाजूला सारत असेल तर त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. पण नीट बघितलं तर ही घटना बंदीपेक्षा परवान्याबद्दल जास्त सांगते. थॉर्नटन एमएमएतून आला होता आणि तिथे त्याने जिंकलेल्या लढतींपेक्षा हरलेल्या लढती कितीतरी जास्त होत्या. आपल्या जत्रेतल्या कुस्तीतही जोड लावताना वस्ताद दोन्ही गडी उभे करून बघतात आणि विजोड जोड दिसली तर फड तिथेच ओरडतो. ज्या माणसाची कारकीर्द कागदावर उतरणीला लागलेली दिसते, त्याला नव्या आणि जास्त निर्दय खेळात हेवीवेटसमोर उभं करण्याच्या कागदावर सही कोणाची होती, हा प्रश्न ग्लोव्हच्या पॅडिंगच्या प्रश्नाहून मोठा आहे.

आता समर्थकांचा मुद्दा. ग्लोव्ह मेंदूसाठी बनलेलाच नाही, तो हातासाठी आहे, हे त्यांचं म्हणणं मुळात खरं आहे. कपाळाचं हाड जाड असतं, मुठीतली हाडं बारीक. करंगळीमागचं हाड तर उंचवट्याजवळच्या बारीक भागात मोडायला फार निमित्त लागत नाही. उघड्या मुठीने कपाळावर पूर्ण ताकदीचा हूक मारणारा माणूस पुढच्या फेरीत एकाच हाताने लढतो. म्हणून या खेळात ताकद राखून मारावं लागतं, ठोसे मोजून टाकावे लागतात, बरगड्यांवर आणि पोटावर जास्त काम करावं लागतं. 8 किंवा 10 औंसांचा बॉक्सिंग ग्लोव्ह ही भीतीच काढून घेतो. हात वाचतो, मग डोक्यावर दोनशे ठोसे टाकता येतात. बीकेएफसीत लढत साधारण दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची, म्हणजे दहा मिनिटांची. बॉक्सिंगची जागतिक विजेतेपदाची लढत 36 मिनिटं चालते, एमएमएची 25. डोक्यावर पडणाऱ्या ठोशांची बेरीज हाच निकष असेल तर दहा मिनिटांचा खेळ मागे पडत नाही.

इथपर्यंत ठीक. पण इथून पुढे समर्थक उडी मारतात. 'उघड्या मुठींच्या जमान्यात पंच-ड्रंक (ठोसे खाऊन मेंदू बिघडलेले) मुष्टियोद्धे नव्हते, ग्लोव्हज आले आणि आजार आला,' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. हॅरिसन मार्टलँडने 'पंच ड्रंक' अवस्थेचं वैद्यकीय वर्णन 1928 मध्ये केलं, तेव्हा रिंगमध्ये ग्लोव्हजच होते, हे खरं. पण त्याआधीच्या दीडशे वर्षांत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासले कोणी? नोंद नाही म्हणजे आजार नाही, असा निष्कर्ष काढणारा माणूस एरवी साध्या व्यवहारात असा निष्कर्ष काढणार नाही. शिवाय कपाळ जाड असलं तरी हनुवटी जाड नाही. हनुवटीवर बाजूने बसलेला ठोसा डोकं गर्रकन फिरवतो, त्या फिरण्याने मेंदू कवटीच्या आत ओढला जातो आणि त्याला मुठीवर कापूस आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. चांगला लढवय्या कपाळ टाळून हनुवटी शोधायला शिकतो. मग हातालाही काही होत नाही.

रक्ताचंही तसंच. हाड हाडावर आदळतं, मध्ये कातडी चेंगरते, ती फाटते. भुवईच्या कडेवर तर हमखास. त्यामुळे पडद्यावर हा खेळ जितका भयंकर दिसतो तितका तो त्या क्षणी असतोच असं नाही. कोपऱ्यातला कटमन कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅड्रेनलिन घेऊन जखमेत दाबून धरतो, गार धातूच्या पट्टीने सूज खाली लोटतो, भुवयांवर व्हॅसलीन थापतो आणि माणूस पुन्हा बघू लागतो. भुवईची जखम टाक्यांनी मिटते. जास्त वाईट असतात न दिसणाऱ्या गोष्टी: उघड्या मुठीची टोकं लहान असल्याने ती डोळ्याच्या खोबणीत शिरतात, मोठा ग्लोव्ह तिथे शिरत नाही. खोबणीचं तळहाड मोडलं की दोन प्रतिमा दिसायला लागतात. आणि मुठीवर दात लागून झालेली बारीकशी चीर, जिच्याकडे रात्री कोणी बघतही नाही, ती दोन दिवसांत सांध्यात पू धरते, कारण माणसाच्या तोंडातले जंतू सांध्याच्या आवरणात गेलेले असतात. डॉक्टर अशा चिरेला चावा समजून उपचार करतात ते उगाच नाही. दोघांची कातडी फाटलेली असताना रक्ताची देवाणघेवाण होते, म्हणून हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या ताज्या चाचण्यांशिवाय इथे रिंगच्या पायरीवरही पाय ठेवू देऊ नये.

म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी नावाची लढत होते. मुठीत अणकुचीदार वज्रनख धरून ते भिडतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की पंच लढत संपवतात. हत्यार इतकं क्रूर आणि थांबायचा नियम इतका कडक, हे एकत्र नांदू शकतं, हे तिथे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. कोणत्याही लढतीची धोक्याची पातळी हत्यारापेक्षा ती कधी थांबवायची यावर जास्त अवलंबून असते. 1741 मध्ये आपल्याशी लढलेला जॉर्ज स्टीव्हन्सन मेल्यावर मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटनने 1743 मध्ये इंग्लंडमधले मुष्टियुद्धाचे पहिले लिखित नियम केले, पडलेल्याला मारायचं नाही, कंबरेखाली धरायचं नाही. त्याच ब्रॉटनने सरावासाठी 'मफलर' नावाचे मऊ हातमोजे काढले, पण लढतीत वापरले नाहीत. 1982 मध्ये डुक कू किम हा कोरियन बॉक्सर लढतीतल्या इजेने मेला, तेव्हा वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने 15 फेऱ्यांच्या 12 केल्या. ग्लोव्हजचं वजन वाढवून प्रश्न सुटेल असं तेव्हाही शहाण्यांनी मानलं नाही.

आणि एमएमए स्वतः कुठून आलं, ते तर सोयीस्करपणे विसरलं जातं. 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली, तेव्हा बहुतेकांचे हात उघडेच होते. पहिल्याच लढतीत टेइला टुलीचा दात उडाला. तिसऱ्या स्पर्धेत कीथ हॅकनीने आपल्याहून कितीतरी पट वजनाच्या इमॅन्युएल यारब्रोला हरवलं आणि स्वतःचा हात मोडून घेतला. अमेरिकी सिनेटर जॉन मॅककेन यांनी या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हटलं, केबलवरून तो गायब झाला आणि 1997 मध्ये ग्लोव्हज सक्तीचे झाले. त्यात सुरक्षिततेचा विचार किती आणि सभ्य दिसण्याचा किती, याबद्दल माझं मत फारसं उदार नाही. चार औंसांच्या, बोटं उघडी असलेल्या त्या ग्लोव्हने हात वाचले. खेळ खरा सुधारला तो वजनगटांनी, फेऱ्यांनी, वैद्यकीय तपासण्यांनी आणि पंचांना मिळालेल्या अधिकारांनी.

मग एमएमएतला माणूस उघड्या मुठीत आला की त्याचं नेमकं काय होतं? बघणाऱ्याला वाटतं, याला ठोसे मारायला येतात, ग्लोव्हही छोटाच होता, फरक तो काय? फरक पायांपासून सुरू होतो. एमएमएत पाय फाकवून, वजन मागे ठेवून उभं राहतात, कारण लाथ आणि पाय ओढून पाडणं या दोन्हींची धास्ती असते. हात खाली ठेवतात, कंबरेकडे झेपावणाऱ्याला अडवायला. बीकेएफसीत तीन फुटांवर आखलेल्या दोन रेघांवर अंगठे ठेवून फेरी सुरू होते, पंच 'नकल अप' म्हणतो आणि पहिला ठोसा बहुतेकदा एका श्वासात येतो. लाथ नाही, पाडणं नाही. त्यामुळे दूर राहून अंदाज घ्यायची सवय इथे कामाची नाही आणि खाली ठेवलेले हात हनुवटी उघडी टाकतात. बॉक्सरसारखं दोन्ही हात गालांवर धरून झाकून घ्यायचं म्हटलं, तर झाकायला मोठा ग्लोव्ह नाही. बारीक मूठ कोपराच्या आणि मनगटाच्या फटीतून आत येते. ठोसा चुकवायचा तो डोक्याने आणि पावलांनी, हातांनी थोपवायचा नाही, हे शिकायला वर्षं लागतात.

हाताला पट्टी गुंडाळायची रीतही वेगळी. मनगटाभोवती आणि तळव्यावर गॉज-टेप चालतो, पण तो मुठीच्या उंचवट्यांपासून एक इंच मागेच थांबला पाहिजे. म्हणजे हाताच्या मागच्या हाडांना थोडा आधार, पुढे काही नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांनीच मारायचं, अंगठा घट्ट बाहेरून दाबलेला, जॅब उभ्या मुठीने. एमएमएतली अनेक वर्षांची सवय असलेला लांब, वरून येणारा ओव्हरहँड इथे सगळ्यात धोकादायक: तो चुकून डोक्याच्या टाळूवर बसला की हात गेला. दुसरीकडे एमएमएवाल्याला एक मोठा फायदाही आहे. मिठीत घेऊन एका हाताने मान धरायची आणि दुसऱ्याने मारायचं, याला इथे परवानगी आहे आणि केजच्या जाळीवर हेच त्याने वर्षानुवर्षं केलेलं असतं. 2019 मध्ये एमएमएतल्या आर्टेम लोबोव्हने बॉक्सिंगमध्ये दोन वजनगटांत विश्वविजेता राहिलेल्या पॉली मालिग्नाजीला निर्णयावर हरवलं, त्यात हा भाग मोठा होता. यूएफसीतला लोबोव्हचा लेखाजोखा मात्र पराभवांनीच भरलेला होता. हा वेगळा खेळ आहे, हे त्या रात्री बॉक्सिंगवाल्यांना कळलं. उलट माइक पेरी जुलै 2024 मध्ये ग्लोव्हज घालून जेक पॉलसमोर गेला आणि सहाव्या फेरीत थांबवला गेला.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. एमएमएत माणसाला ठोसा बसून डोळ्यांपुढे अंधारी आली की तो शरीराने उत्तर देतो: समोरच्याचे पाय धरतो, मिठी मारतो, पाठीवर पडून त्याला पायांत अडकवतो. पंच त्याला सावरता येतंय की नाही बघतो आणि नसेल तर थांबवतो. बीकेएफसीत तो पडला की दहा आकडे मोजले जातात, उठला की पुन्हा ठोसे. म्हणजे ज्या क्षणी मेंदू आधीच हललेला असतो, नेमक्या त्याच क्षणी त्याला आणखी एक संधी मिळते, आणि ती संधी कसली? एमएमए या क्षणी त्याला जमिनीवरचा मार देतं, हे खरं, तिथे कोणी पुण्य कमवत नाही. पण 39 वर्षांच्या, तीनदा नॉकआउट झालेल्या माणसासाठी उठून उभं राहण्याची परवानगी ही कृपा नसते. अल्वारेझ डिसेंबर 2023 मध्ये पेरीसमोर उतरला, तेव्हा दुसऱ्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्याने, म्हणजे त्याच्या बाजूच्या प्रशिक्षकांनी, लढत थांबवली.  मला वाटतं, त्या रात्री परवाना देणाऱ्या सरकारी आयोगाचं काम त्यांनीच केलं.

स्वातंत्र्याचा मुद्दा राहतो. प्रौढ माणूस आहे, त्याला हवं तर त्याने लढावं, आपण कोण सांगणारे? मी हा मुद्दा हसण्यावारी नेत नाही. बेक रॉलिंग्ज जून 2018 मध्ये चेयेनमधल्या बीकेएफसीच्या पहिल्या कार्यक्रमात लढली, ती एमएमएतून आलेली, आणि तिने तिथे कारकीर्द उभी केली. पण स्वातंत्र्य म्हणताना पैशाचा हिशेब मांडा. एमएमएतले लढवय्ये कर्मचारी नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. बॉक्सरना संरक्षण देणारा 2000 चा मुहम्मद अली कायदा त्यांना लागू नाही. मोबदला दाबल्याच्या खटल्यात यूएफसीला 2024 मध्ये 37.5 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. चाळिशीकडे झुकलेला, पेन्शन नसलेला, एकच कौशल्य असलेला माणूस मोठ्या रकमेचा करार बघून जेव्हा हो म्हणतो, तेव्हा त्याचा निर्णय किती मोकळा आहे? तो लढू नये असं मी म्हणत नाही. त्याच्या 'हो'ला तपासणीची जागा देऊ नये एवढंच.

बंदीच्या पक्षाला मी आणखी एक आठवण करून देईन. 8 जुलै 1889 ला जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन मिसिसिपीतल्या रिचबर्गला 75 फेऱ्या लढले. त्या काळी माणूस जमिनीला टेकला की फेरी संपायची, म्हणून आकडा इतका मोठा. राज्याराज्यांत बंदी होती, म्हणून जागा शेवटपर्यंत गुप्त, न्यू ऑर्लिन्सहून खास गाड्यांनी प्रेक्षक आणले गेले. लढत झाल्यावर दोघांवर खटले भरले. उन्हात दोन तासांवर चाललेल्या त्या लढतीत थांबवायचा अधिकार कोणाकडे होता, किलरेनच्या कोपऱ्याशिवाय? पुढची 129 वर्षं उघड्या मुठीच्या लढती थांबल्या नाहीत, त्या तळघरांत आणि गोदामांत गेल्या. तिथे एमआरआय नसतो.

आपल्याकडच्यांना हे सगळं लांबचं वाटत असेल, तर जुलै 2022 ची बेंगळुरूची बातमी काढून बघा. किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत म्हैसूरचा 23 वर्षांचा मुलगा रिंगमध्ये कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. वैद्यकीय सोय नव्हती, अशी तक्रार वडिलांनी पोलिसांत केली, आयोजकांवर गुन्हा नोंदवला गेला. हातात ग्लोव्हज होते. आपल्या शहरांतल्या हॉलांमध्ये एमएमएचे कार्यक्रम होतात, वजनं होतात, पट्टे वाटले जातात. रिंगजवळ रुग्णवाहिका चालू इंजिनाने उभी आहे का आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री न्यूरोसर्जन असतो, हे आयोजकाला विचारणारं अधिकृत कोणी नाही.

म्हणून मागणी नेमकी करावी. एमएमए, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि उघडी मूठ, सगळ्यांतल्या डोक्यावरच्या नॉकआउटची एकच नोंदवही हवी. अमेरिकेत लढतींच्या नोंदी ठेवल्या जातात, पण परवाना राज्य देतं आणि एका राज्याने नाकारलेला माणूस दुसऱ्या राज्याच्या दारात उभा राहू शकतो. तीन डोक्यावरचे नॉकआउट किंवा सलग पराभव दिसले, की फॉर्मवर सही करण्याऐवजी सुनावणी व्हावी: मेंदूचा एमआरआय, बाहुल्या रुंदावून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, स्मरण आणि प्रतिक्रियेची चाचणी, आणि ती चाचणी त्याच माणसाच्या पूर्वीच्या गुणांशी ताडलेली. नुसता सरासरीशी मेळ बसला की पास, हे चालणार नाही, कारण पंधरा वर्षं लढणाऱ्याची घसरण त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांतच दिसते. एकाच लढतीत दुसऱ्यांदा जड पडला की मोजणं थांबवून लढत संपवावी. प्रवर्तक म्हणतील, पडून उठणं हीच तर विक्रीची गोष्ट आहे. असेल. खर्च कोणी उचलायचा हेही ते विचारतील. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये एमएमए लढवय्यांसाठी निवृत्ती निधीचा कायदा केला आहे, म्हणजे या धंद्यातून लढवय्याच्या नावाने पैसा बाजूला काढता येतो. जानेवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियात उघड्या मुठी बघायला सतरा हजारांवर माणसं आली. तिकिटामागे थोडी रक्कम बाजूला काढली, तर त्या रात्री उतरणाऱ्या प्रत्येकाचा एमआरआय लढतीआधी आणि लढतीनंतर, असा दोनदा निघतो.